एक्स किती, हे शेवटी विचारा

दुर्बिणीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘किती एक्स?’ दुर्बीण बंदुकीवर बसवायची असो, गळ्यात अडकवायची असो की तिपाईवर ठेवायची असो, आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा आपला हिशेब. विकणाऱ्यांनी तो केव्हाच ओळखलाय. म्हणून दोन-अडीच हजारांच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘90×80’ असं बेधडक छापलेलं असतं. खरोखर 90 पट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात धरून वापरताच येणार नाही, चित्र इतकं थरथरेल. आणि पुढच्या भिंगाला पट्टी लावली तर ते 80 मिलिमीटर भरतही नाही. आकडा छापायला शाईशिवाय काही लागत नाही.

या प्रकरणात बंदुकीवरच्या दुर्बिणीबद्दल, म्हणजे स्कोपबद्दल बोलायचं आहे, आणि तेही भिवंडीत बसून, जिथे हौसेनं शिकारीला जाणं कायद्यानं कधीच संपलंय. तरी विषय हाच घेतला, कारण भिंगांच्या यंत्रांत स्कोपइतकी कडक परीक्षा दुसऱ्या कुणाची होत नाही. कॅमेऱ्याचं भिंग गादी लावलेल्या पिशवीतून फिरतं. स्कोपला प्रत्येक बाराला दणका बसतो, आणि तो चुकीचं दाखवत असेल तर कागदावर भलतीकडे भोक पडतं. स्कोप पारखता आला की पक्षी पाहायची दुर्बीण पारखायला वेगळं काही शिकावं लागत नाही.

आधी कायदा उरकून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. 1991च्या दुरुस्तीनं तेही गेले. आता मुख्य रस्ता उरला तो कलम 11चा. प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा काही ठरावीक प्राण्यांनी उभ्या पिकाची नासाडी चालवली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. भाताच्या खाचरात रानडुकरं घुसली म्हणून आपल्या मनानं बार काढता येत नाही. 2022च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा जागा शेजारच्या तानसासारख्या अभयारण्यातली असेल, तर किमान तीन वर्षं.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल मोठा गैरसमज आहे. 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल शस्त्रपरवान्याशिवाय घेता येते, हे खरं. पण तिनं हरियाल पाडला, तर ती शिकारच. आणि हरियाल तर आपला राज्यपक्षी. बंदुकीला परवाना लागत नाही, याचा अर्थ नेमालाही लागत नाही असा नव्हे.

परवान्याच्या बंदुकीचं म्हणाल, तर भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणून अर्ज आयुक्तांकडे; आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या खेड्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. 1959च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. ठासणीच्या नळीवर स्कोप चढवण्यात काही अर्थ नाही. तिचा पल्लाच इतका कमी की डोळा पुरतो. सर्वसामान्य परवानाधारकाला जी ‘शिकारी रायफल’ माहीत आहे ती सरकारी कारखान्यातली .315 स्पोर्टिंग रायफल, आणि तीही उघड्या माशीचीच. तिच्यावर स्कोप बसवायचा तर आधी माउंट, म्हणजे स्कोप धरून ठेवणारी बैठक, नीट बसेल का, याची पंचाईत.

मग स्कोप लागतो कुणाला? रेंजवर कागदावर नेम मारणाऱ्यांना, फार्महाउसवर डबे पाडणाऱ्या एअर रायफलवाल्यांना, पोलिसांना, वनखात्यानं नेमलेल्या मोजक्या नेमबाजांना. बाकी आपल्यासारख्यांना याच विद्येवर खाडीकाठची दुर्बीण निवडायची असते.

जुन्या शिकाऱ्यांचं स्कोपवाचून काही अडलं नाही. हाक्यात किंवा मचाणावर जनावर इतकं जवळ येई की माशी आणि खाच जुळली म्हणजे झालं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला 1907 साली जी .275 रिग्बी रायफल भेट मिळाली, तिच्यावरही भिंग नव्हतं. आपल्या मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना 1883ची. त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, मग हातात घेऊन पाहायचा. सालिम अलींची सुरुवातही तशीच झाली. लहानपणी मिळालेल्या छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि हा पक्षी कोणता हे विचारायला तो मुलगा 1908 साली सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. पुढे चांगल्या दुर्बिणी सर्रास मिळू लागल्या आणि गळ्यावरचा पिवळा डाग झाडावरच्या जिवंत चिमणीवर दिसू लागला. पक्षिनिरीक्षणातून बंदूक हद्दपार झाली त्यात दयेइतकाच वाटा भिंगांचा आहे, असं माझं मत आहे.

आता एक्सच्या भक्तांसाठी एक गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्यानं कांस्यपदक घेतलं. त्या स्पर्धेत लक्ष्याचा दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, आणि तो 50 मीटरवर. रायफलीवर दुर्बीण नसते, नियमानं चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे एक कडं, बस्स. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली तीही अशीच. अंजली भागवतांनी नाव काढलं तेही असंच. 10 मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर! नेमाला मोठं दिसणं लागतंच असं नाही. डोळा, छिद्र आणि लक्ष्य एका रेषेत येणं, आणि प्रत्येक वेळी तसंच येणं, हे लागतं. स्कोपचं मूळ कामही हेच आहे. माशी, खाच आणि लक्ष्य या तीन गोष्टी वेगवेगळ्या अंतरांवर; डोळा एका वेळी एकीवरच ठरू शकतो. स्कोप लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची रेघ एकाच पातळीवर आणून ठेवतो. मोठं दाखवणं हा त्यानंतरचा फायदा.

स्कोपच्या नळीवर ‘3–9×40’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तीनपासून नऊपटीपर्यंत बदलणारं मोठेपण आणि 40 मिलिमीटरचं पुढचं भिंग. या दोन आकड्यांतून एक तिसरा आकडा निघतो आणि खरेदीत तो सगळ्यांत कामाचा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपण. मागच्या बाजूनं डोळ्यात जी प्रकाशाची चकती येते तिचा हा व्यास. स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे केला तर मागच्या काचेत एक पांढरा गोल तरंगताना दिसतो, तीच ती. नऊवर ठेवलं तर 40 भागिले 9, म्हणजे 4.4 मिलिमीटर, चारवर आणलं तर 10.

भर उन्हात आपल्या बाहुल्या दोन-तीन मिलिमीटरच्या असतात, तिथे कुठलाही स्कोप चालतो. दुकानात सगळ्या दुर्बिणी सारख्याच चांगल्या वाटतात त्या यामुळेच. अंधारू लागलं की तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास अडकते. त्या वेळी 24 पटींवर चढवलेला 50 मिलिमीटरचा स्कोप डोळ्याला जेमतेम दोन मिलिमीटरची चकती देतो आणि चित्र काळवंडतं. रानडुक्कर शेतात उतरतं दिवेलागणीनंतर, बिबट्या बाहेर पडतो त्याच सुमारास, बरेच पक्षी हालचाल करतात ते तांबडं फुटताना. भर दुपारी घेतलेली परीक्षा म्हणून फुकट जाते.

दुसरा भाग काचेवरच्या लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश मागे फिरतो. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण बदलत्या मोठेपणाच्या स्कोपमध्ये आठ भिंगं धरली तर पृष्ठभाग झाले 16. प्रत्येकानं चार टक्के खाल्ले की शेवटी डोळ्यापर्यंत पोचतो तो 52 टक्के. निम्मा उजेड नळीतच हरवला, आणि तो नुसता हरवत नाही. आत इकडेतिकडे आपटून चित्रावर पांढुरकी साय धरतो. झाइस कंपनीच्या स्माकुला यांनी 1935 साली हा लेप शोधला. आज उत्तम अनेकपदरी लेपानं हा तोटा पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर येतो, आणि त्याच 16 पृष्ठभागांतून 92 टक्के उजेड पार होतो. पैसे जातात ते इथे. खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी काचेवर एक पदर. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक पदर. ‘एचडी’ या अक्षरांना मात्र दुर्बिणींच्या बाजारात ठरलेला अर्थ नाही. आणि माणकासारखी लालभडक चमकणारी पुढची काच दिसली तर खाली ठेवा. लाल रंग परत फेकणारी काच चित्रातला लाल रंग कमी करते.

माझं ठाम मत असं की पैसे बेताचे असतील तर मोठेपण बदलणारा स्कोप घेऊच नये. त्याच किमतीत स्थिर 4×32 घ्यावा. भिंगं कमी, हलणारे भाग कमी, आणि चकती आठ मिलिमीटरची. सहा ते चोवीस पटींचा स्वस्त स्कोप म्हणजे सहावर अंधुक आणि चोवीसवर आंधळा.

आता ती गोष्ट, जी पक्षी पाहणाऱ्याला फारशी त्रास देत नाही पण रायफलवाल्याची भुवई फोडते. मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला असता पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. रायफलच्या स्कोपमध्ये ते आठ ते दहा सेंटिमीटर हवं. बार निघाला की रायफल मागे येते, तिच्याबरोबर स्कोपही येतो, आणि डोळा जवळ असेल तर धातूची कड भुवईवर अर्धचंद्र कोरून जाते. स्वस्त स्कोपमध्ये मोठेपण वाढवलं की हे अंतर घटतं, म्हणजे नेमका माणूस पुढे वाकतो तेव्हाच. हातातल्या दुर्बिणीत हे अंतर 15 ते 20 मिलिमीटर असतं. चष्मा असेल तर 15च्या खाली जाऊ नका, नाहीतर चित्राऐवजी किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं होईल.

पॅरॅलॅक्सचं प्रकरण थोडं वाकडं आहे, पण एअर रायफल घेणाऱ्यांचे सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात म्हणून सांगतो. स्कोपमध्ये नेमाची रेघ एका ठिकाणी बसवलेली असते. लक्ष्याची प्रतिमा बरोबर तिथेच पडली तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी नेम हलत नाही. मोठ्या रायफलींसाठीचे साधे स्कोप कारखान्यातच 100 यार्डांना, म्हणजे 91 मीटरला, जुळवलेले असतात. असा 40 मिलिमीटरचा स्कोप 10 मीटरवरच्या कागदाकडे रोखला तर चित्र तर धूसर दिसेलच, वर डोळा कडेला सरकल्यास नेम पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आठवतंय ना? एअर रायफलला म्हणून पुढच्या भिंगावर किंवा बाजूला अंतराची चकती असलेला, दहा मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप लागतो. पारख सोपी: रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर ठेवा, हात न लावता डोळा वर-खाली हलवा. रेघ लक्ष्यावरून सरकताना दिसली तर जुळणी चुकलेली आहे.

एअर रायफलची आणखी एक खोड आहे. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते, आणि तो टोकाला आपटतो तेव्हा तीच रायफल पुढे हिसकते. दोन्ही दिशांचे असे झटके न सोसणारे स्कोप आतून ढिले होतात. साध्या रायफलीचा दणका मोठा असला तरी मुख्यतः एकाच दिशेचा. म्हणून हजारोंचा स्कोप छऱ्याच्या बंदुकीवर मोडतो आणि घेणारा दुकानदाराला बोल लावतो. ‘एअरगन रेटेड’ असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नये.

नळीच्या वर आणि बाजूला ज्या टोपणाखालच्या चकत्या असतात त्यांना टरेट म्हणतात. रायफल झिरो करायची, म्हणजे नेम आणि भोक एका जागी आणायचं, ते यांनी. एक क्लिक म्हणजे बहुधा मिनिटाचा पाव भाग. मिनिट हे अंशाचं, घड्याळाचं नव्हे. 100 मीटरवर एक मिनिट म्हणजे 29 मिलिमीटर, तेव्हा एका क्लिकला भोक सात मिलिमीटर सरकायला हवं. मिल, म्हणजे मिलिरेडियन, हे कोनाचंच दुसरं माप; त्या हिशेबातल्या स्कोपवर क्लिक मिलच्या दहाव्या भागाचा, 100 मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. आपल्या दशमानाच्या डोक्याला हा दुसरा हिशेब सोपा पडतो.

सरकायला हवं खरं, सरकतं का? यासाठी रेंजवरचे लोक चौकट-चाचणी घेतात, आणि ती पाहण्यासारखी असते. कागदाच्या मध्यावर तीन गोळ्या. मग नेम तोच ठेवून टरेट 20 क्लिक वर, तीन गोळ्या. 20 क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या. 20 खाली, तीन. 20 डावीकडे, आणि शेवटच्या तीन. चांगल्या स्कोपनं कागदावर नेटका चौरस उमटतो आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघांच्या भोकांत जाऊन बसतात. स्वस्त स्कोपचा चौरस कलंडलेला असतो. कधी टरेट फिरवूनही भोक हलत नाही, आणि पुढच्या बाराच्या दणक्यानं एकदम उडी मारतं, कारण आतली स्प्रिंग कमजोर असते. काच कितीही स्वच्छ असो, चौकट न जुळणारा स्कोप रायफलीवर ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या लेखी काचेपेक्षा हा गुण वरचा.

उरलेलं थोडक्यात. 30 मिलिमीटरची जाड नळी उजेड जास्त देते ही दंतकथा. तिच्यात टरेटला सरकायला जागा जास्त मिळते, एवढंच. बारीक रेघोट्या, आकडे, लाल दिवा यांनी भरलेली रेटिकल, म्हणजे नेमाची रेघ, संध्याकाळी गिचमिड होते. साधी, कडेला जाड आणि मध्ये बारीक अशी फुली बरी. माउंटच्या रिंगा हलक्या घेतल्या तर वरचा सगळा खर्च वाया, आणि त्यांचे स्क्रू हातानं पिळून नव्हे तर टॉर्कच्या पान्यानं आवळायचे असतात.

पावसाळ्याबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. दुर्बिणीचे बहुतेक सल्ले थंड-कोरड्या देशांत लिहिलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा. बुरशी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू सोडते, आणि लेप एकदा खाल्ला की पुसून परत येत नाही. म्हणून नळीत नायट्रोजन किंवा आरगॉन भरून सील केलेलीच वस्तू घ्यावी. आत दमट हवा नसेल तर आतून वाफ धरत नाही. ‘पाणी उडालं तरी चालेल’ आणि ‘पाण्यात बुडाली तरी चालेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी आणल्यावर चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पेटीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरायच्या.

आता परीक्षा कशी घ्यायची? भिवंडीकरांना यासाठी दोन सोयी घरातच आहेत. पहिली यंत्रमागाच्या खात्यातली. ग्रे कापडाचं रीड-पिक, म्हणजे उभे-आडवे धागे, मोजायला कारखान्यातले मेहता, म्हणजे कारकून, खिशात घडीचं भिंग ठेवतात, पिक ग्लास. कापडावर ठेवलं की छोट्या खिडकीसारख्या चौकोनात ताणा-बाणा सुटा दिसतो आणि सुईच्या टोकानं धागे मोजता येतात. हलक्या पिक ग्लासमध्ये मधले धागे सरळ दिसतात, पण कडेचे बाहेर फाकतात, आणि मोजणारा एखादा धागा चुकतो. दुर्बिणीतही हेच पाहायचं. गोदामाच्या पत्र्याच्या शेडची सरळ कड चित्राच्या मधून हळूहळू काठाकडे न्या. काठाला किंचित वाकली तर चालेल. मध्यापासूनच धनुष्य होत असेल तर नको.

दुसरी सोय पडघ्याला. चंद्रपूरहून 752 किलोमीटर चालत आलेली 500 किलोव्होल्टची वाहिनी तिथल्या उपकेंद्रात संपते, आणि आजूबाजूला मनोऱ्यांचं जंगलच आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून, सूर्य पाठीशी ठेवून, उजळ आभाळासमोरचा एखादा मनोरा पाहा. त्याच्या लोखंडी पायाच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट रेघ दिसते का? वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश काचेतून वेगवेगळा वळतो, त्याची ही खूण. चांगल्या काचेत ती रेघ शोधावी लागते, हलक्या काचेत ती शोधायला लागत नाही. तारेवर कापशी घार बसलेली असेल तर तिच्या लाल डोळ्याकडे पाहा. पांढऱ्या चेहऱ्यातला तो लाल ठिपका वेगळा, स्वच्छ दिसला तर दुर्बीण उत्तीर्ण. ही परीक्षा एकदा दुपारी आणि एकदा सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं घ्यायची. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र नको. जमिनीवरून उठणाऱ्या झळांत लाखाची दुर्बीणही उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं दाखवते, आणि मोठेपण जितकं जास्त तितकं ते उकळणं मोठं.

इथे एक ताकीद. ही पाहणी रायफलीवर चढवलेल्या स्कोपमधून कधीही करायची नाही. ‘तिकडे कोण आहे बघू’ म्हणून स्कोप लावला की नळीही तिकडेच वळते. पाहायला दुर्बीण, नेमाला स्कोप. परवानाधारकांनी तरी या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात.

मग घ्यावं काय? कशेळी-काल्हेरच्या खाडीकाठी किंवा पडघ्याच्या माळावर हिंडणाऱ्याला मी डोळे मिटून 8×42 सांगेन. चकती सव्वापाच मिलिमीटरची, पहाटेला पुरेशी. हाताची थरथर आटोक्यात. आणि चित्राचा पसारा मोठा, त्यामुळे उडता चंडोल पटकन सापडतो. 10×42 वाईट नाही, पण तासाभरानं हात दुखले की आठ आणि दहातला फरक थरथरीतच जातो. चिखलात दूरवर विखुरलेले तुतारी पक्षी ओळखायचे असतील, तर तिपाईवरचा 65 किंवा 80 मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप लागतो; त्यातही 40च्या पुढचं मोठेपण थंडीतल्या सकाळीच कामाला येतं. रेंजवरच्या एअर रायफलला अंतराची चकती असलेला, दणके सोसणारा, फार तर बारापटीपर्यंतचा स्कोप. परवान्याच्या रायफलीला स्थिर चारपट किंवा चांगल्या घडणीचा 3–9×40. त्याहून मोठा आकडा घेणाऱ्यानं आधी कारण सांगावं.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना भिवंडीत वेगळं सांगायला नको; माणकोली, दापोडे, पडघ्याच्या गोदामांतूनच निम्म्या देशाचा माल हलतो असं वाटण्याइतके ट्रक रोज दारातून जातात. पण गोदाम जवळ असलं म्हणून माल अस्सल ठरत नाही. नामांकित दुर्बिणींच्या नकला बाजारात आहेत. अनुक्रमांक पाहा, भारतातल्या वितरकाची पावती आणि वॉरंटी मागा, दुरुस्ती कुठे होईल ते आधी विचारा. खोकं आलं की त्याच संध्याकाळी बाहेर काढा. परत करायची मुदत मोजक्याच दिवसांची असते. त्यात एक संध्याकाळ, एक पहाट आणि एक सरळ कड पाहून घ्या, आणि मनाला पटली नाही तर संकोच न करता परत पाठवा.